एका प्रवाहाचे दोन अर्थ

जुन्या टीव्हीचं सर्किट वाचायला बसलेला माणूस बहुधा अँटेनापासून सुरुवात करतो. लाट आत येते, ट्यूनर तिला बाकीच्या गर्दीतून वेगळी काढतो, आय.एफ.चे टप्पे तिला मोठी करतात, मग चित्र एका वाटेने आणि आवाज दुसऱ्या वाटेने निघून जातो. या वाटेने चालणं सोपं आहे. पॉवर सप्लाय तेवढा कागदाच्या कोपऱ्यात पडलेला असतो. एक ट्रान्सफॉर्मर, एखाददुसरा रेक्टिफायर, चोक, कंडेन्सर, आणि पुढे सगळीकडे जाणाऱ्या तारा. तिथे कुणी थांबत नाही. आरसीए या अमेरिकन कंपनीचा ६३०-टीएस हा संच मात्र त्या कोपऱ्यातूनच वाचावा, असं माझं ठाम मत आहे. ज्यांनी तो रचला त्यांच्या बुद्धीची चमक तिथे सगळ्यात लख्ख दिसते.

हा संच १९४६ साली बाजारात आला. दुसरं महायुद्ध नुकतंच संपलं होतं आणि न्यू जर्सीतल्या कॅम्डेनच्या कारखान्यात आरसीएने घरगुती टीव्हीचं उत्पादन मोठ्या प्रमाणावर सुरू केलं होतं. दहा इंची १०बीपी४ पिक्चर ट्यूब, ती धरून तीस व्हॉल्व्ह, किंमत ३७५ डॉलर. ट्यूनरवर १ ते १३ अशी चॅनलं. त्यातलं पहिलं चॅनल १९४८ मध्ये अमेरिकेने टीव्हीकडून काढूनच घेतलं, पण खटक्यावरचा १ हा आकडा राहिला तो राहिला. १९४७ साली वर्ल्ड सिरीजचे बेसबॉल सामने पहिल्यांदाच टीव्हीवर दिसले, तेव्हा अमेरिकेत ज्यांनी ते पाहिले त्यांतल्या अनेकांसमोर हाच संच होता. आरसीएने त्याचे आराखडे इतर कंपन्यांनाही दिले, आणि पुढची काही वर्षं वेगवेगळ्या नावांखाली, मोठमोठ्या पडद्यांमागे ही ‘६३० चॅसी’ विकली जात राहिली.

इतका इतिहास पुरे. मला बोलायचं आहे ते या संचातल्या एका गुणाबद्दल. आपल्या काव्यशास्त्रात श्लेष नावाचा अलंकार आहे. शब्द एकच, अर्थ दोन, आणि दोन्ही अर्थ त्या ओळीत पुरेपूर बसलेले. ६३०-टीएसमध्ये विजेच्या प्रवाहाचा असा श्लेष जागोजागी आढळतो. एका कामासाठी निघालेला प्रवाह जाता जाता दुसरं काम करून जातो, आणि ते दुसरं काम इतकं चपखल असतं की मूळ काम कुठलं, असा प्रश्न पडावा. जुना संच दुरुस्त करणाऱ्याला हा श्लेष कळला नाही तरी संच एखाद वेळी चालू होईल. पण तो संच त्याला समजला, असं मी म्हणणार नाही.

सुरुवात रेक्टिफायरपासून करू. ५यू४जी हा काचेचा भरदार व्हॉल्व्ह. त्याची फिलामेंट ५ व्होल्टवर ३ अँपिअर घेते, म्हणजे नुसतं तापायलाच १५ वॅट. मेनचा एसी ट्रान्सफॉर्मरमधून येतो, ५यू४जी त्याचा डीसी करतो, चोक आणि इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सर त्यातला खडखडाट काढतात. यात नवीन काय, असं वाटेल. पण इथे एका माणसाची ओळख करून द्यायला हवी. ऑटो शेड हा आरसीएचा इंजिनिअर. रेक्टिफायर आणि कंडेन्सर यांचं एकमेकांशी नेमकं काय नातं असतं, कंडेन्सर किती मोठा केला की व्हॉल्व्हमधून क्षणभर किती प्रवाह उसळतो, ट्रान्सफॉर्मर किती तापतो, याचं विश्लेषण त्याने १९४३ साली एका निबंधात केलं. त्यातले आलेख पॉवर सप्लाय रचणारे आजही उघडतात. त्याच वर्षी पिक्चर ट्यूबला लागणारं उच्च व्होल्टेज कसं तयार करावं यावरही त्याने लिहिलं, आणि १९४७ साली पडद्यावर झोत डावीकडून उजवीकडे ओढणाऱ्या सर्किटांवर. ६३०-टीएससारखे संच ज्या विचारावर उभे आहेत, त्यात या माणसाचा वाटा मोठा आहे.

शेडचा रेक्टिफायरवरचा निबंध वाचला असेल, तर दुरुस्तीतला एक नेहमीचा मोह टळतो. सत्तरऐंशी वर्षांपूर्वीचा इलेक्ट्रोलिटिक काढला की जागेवर नवा बसवायचा, आणि आजचे कंडेन्सर लहान व स्वस्त, म्हणून ४० मायक्रोफॅरडच्या जागी २२० बसवावा, हम, म्हणजे डीसीत उरलेला तो खडखडाट, आणखी कमी होईल, असं मनात येतं. हम कमी होतोही. पण एवढ्या मोठ्या कंडेन्सरला भरण्यासाठी ५यू४जीला प्रत्येक अर्धलहरीच्या टोकाला अगदी थोड्या वेळात प्रचंड प्रवाह ओतावा लागतो. त्याची फिलामेंट एवढ्या प्रवाहासाठी बनलेली नाही. ट्रान्सफॉर्मरही आतल्या आत जास्त तापतो, आणि तो गेला तर तसा दुसरा मिळायचा नाही. दुसरा मोह त्याहून वाईट. व्हॉल्व्ह काढून त्याजागी सिलिकॉनचे डायोड बसवायचे. ५यू४जी स्वतःवर चाळीसेक व्होल्ट खर्च करतो. डायोड एखादाच व्होल्ट खातो. मग सगळ्या संचाचं एचटी, म्हणजे व्हॉल्व्हना पुरवलं जाणारं चढं डीसी व्होल्टेज, तेवढ्याने चढतं आणि पुढचा प्रत्येक व्हॉल्व्ह कुवतीबाहेर राबतो. ज्यांनी हे सर्किट रचलं त्यांनी ते चाळीस व्होल्ट हिशेबात धरले होते.

आता मला सर्वांत आवडणारी जागा. साध्या रेडिओत ट्रान्सफॉर्मरच्या एचटी वाइंडिंगचं मधलं टोक सरळ चॅसीला बांधलेलं असतं. चॅसी म्हणजे शून्य, बाकी सगळं त्याच्या वर. ६३०-टीएसमध्ये तसं नाही. संचभर फिरून परत आलेला प्रवाह रोध ओलांडून मगच घरी पोचतो, आणि त्या रोधावर जे व्होल्टेज पडतं त्यामुळे चॅसीच्या खाली शंभर व्होल्टच्या आसपासची एक ऋण रेषा आपसूक तयार होते. ऋण व्होल्टेजसाठी वेगळं वाइंडिंग नाही, वेगळा रेक्टिफायर नाही. जो प्रवाह वर काम करून आला, त्याच्या परतीच्या पावलांनी हे खालचं व्होल्टेज घडवलं. वर २७५, खाली शंभर, आणि चॅसी मध्ये उभी.

फोकस कॉइलची गोष्ट या ऋण रेषेच्या गोष्टीची बहीणच. १०बीपी४च्या मानेवर तांब्याच्या तारेचं एक जाडजूड कडं असतं. त्यातून डीसी प्रवाह वाहिला की चुंबकीय क्षेत्र तयार होतं आणि इलेक्ट्रॉनचा फाकलेला झोत पडद्यावर टिंबाएवढा गोळा होतो. हा प्रवाह आणायचा कुठून? वेगळा आणलेलाच नाही. संचाला पुरवल्या जाणाऱ्या डीसी प्रवाहाच्या वाटेतच ही कॉइल ठेवली आहे. सगळे व्हॉल्व्ह मिळून जेवढा प्रवाह पितात तो आधी चित्र नेटकं करतो आणि मग पुढे जातो. शेजारच्या फोकस कंट्रोलने त्यातला थोडा बाजूने वळवायचा, म्हणजे फोकस मागेपुढे होतो.

आता याचे परिणाम पाहा. आवाजाच्या आउटपुटला ६के६ व्हॉल्व्ह आहे. त्याच्या ग्रिडवर आधीच्या टप्प्यातून येणारा मेण घातलेला कागदी कंडेन्सर असतो. वर्षं गेली की या कागदात ओल शिरते आणि डीसी झिरपायला लागतो. ग्रिड धन बाजूला सरकतं आणि ६के६ नेमलेल्यापेक्षा पुष्कळ जास्त प्रवाह ओढतो. रेडिओत हा दोष आवाज फाटण्यावरून कळतो. इथे तो चित्रात दिसतो. एकूण प्रवाह वाढला, फोकस कॉइलचं क्षेत्र बदललं, आणि बातम्या देणाऱ्याचा चेहरा धुरकट झाला. फोकस कंट्रोल एका टोकाला नेऊन ठेवला तरी रेषा सुट्या होत नाहीत. उलट बरेच व्हॉल्व्ह थकलेले असतील तर प्रवाह कमी पडतो आणि कंट्रोल दुसऱ्या टोकाला जातो. नव्याने हाती आलेल्या संचात ती खुंटी कुठे फिरवून ठेवली आहे, हे मी आधी पाहतो. आधीच्या माणसाने संचाच्या तब्येतीवर लिहून ठेवलेला तो शेरा आहे. आवाजातल्या एका कागदी कंडेन्सरचं दुखणं चित्राच्या धारेवर उमटतं, इतकी ही रचना एकजीव आहे.

यामुळेच इलेक्ट्रोलिटिक बदलताना डोळ्यांत तेल घालावं लागतं. हे कंडेन्सर अॅल्युमिनियमच्या उभ्या डब्यांत असतात, एका डब्यात तीन किंवा चार. तळाशी पुठ्ठ्याच्या चकतीतून पाय निघतात, आणि पायांशेजारी त्रिकोण, चौकोन, अर्धचंद्र अशा खुणा कोरलेल्या असतात. डब्याच्या अंगावर छापलेलं असतं, त्रिकोण म्हणजे अमुक मायक्रोफॅरड, चौकोन म्हणजे तमुक. काही डबे थेट चॅसीला टेकलेले असतात, काहींवर पुठ्ठ्याची नळी चढवलेली असते. ही नळी शोभेची नाही. त्या डब्याचं ऋण टोक चॅसीला न जाता ऋण रेषेला जातं, म्हणून डब्याचा पत्रा स्वतःच चॅसीपेक्षा शंभरेक व्होल्ट खाली असतो. हे न ओळखता नव्या कंडेन्सरचं ऋण टोक सवयीने चॅसीला सोल्डर केलं, की त्या कंडेन्सरवर त्याच्या वाट्याला न आलेलं व्होल्टेज चढतं आणि ऋण रेषा उघडी पडते.

न्यू जर्सीतल्या माझ्या मावसभावाच्या तळघरात असा एक संच आहे. त्याचे डबे आम्ही पोकळ करून पुन्हा भरले. डबा तळापासून बोटभर अंतरावर बारीक करवतीने गोल कापायचा. आत अॅल्युमिनियमची पातळ पट्टी आणि कागद यांची घट्ट वळकटी असते, तळाशी डांबरासारखा थर. गरम हवा दिली की थर सैल होतो आणि वळकटी ओढून काढता येते. आंबूस, दवाखान्यासारखा वास तळघरभर पसरतो. डबा स्पिरिटने पुसायचा. मग पुठ्ठ्याच्या चकतीत प्रत्येक खुणेशेजारी बारीक भोक पाडून नव्या कंडेन्सरची टोकं त्या त्या पायापर्यंत आणायची. नवे कंडेन्सर ४५० व्होल्टचे, क्षमता डब्यावर छापलेल्या आकड्याच्या आसपास. तिन्ही मिळून आत खुळखुळतात इतकी जागा उरते. वरचा भाग परत बसवून सांध्यावर पातळ पट्टी फिरवायची. ‘‘दादा, आतून नवं आणि बाहेरून जुनं, ही फसवणूक नाही का?’’ भावाने विचारलं. मला ती फसवणूक वाटत नाही. कंडेन्सरमधलं रसायन झिजण्यासाठीच असतं, १९४६ सालीही ते बदलण्याचा माल म्हणूनच विकत मिळायचं. डब्यावरच्या खुणा मात्र सर्किटच्या लिपीतल्या आहेत. पुढे कधी कुणी तिसऱ्यांदा हा संच उघडेल तेव्हा त्याला त्रिकोण आणि अर्धचंद्र जागेवर सापडायला हवेत.

इथवर श्लेष सौम्य आहे. तो शिगेला पोचतो तो लाइन आउटपुटच्या पत्र्याच्या पिंजऱ्यात.

पिक्चर ट्यूबला काही हजार व्होल्ट लागतात. युद्धापूर्वी, १९३९ च्या न्यूयॉर्क जागतिक मेळ्याच्या वेळी आलेल्या आरसीएच्या टीआरके-१२ या संचात ते सरळसोट मार्गाने काढले होते. मेनवर चालणारा मोठा ट्रान्सफॉर्मर, त्याच्या टोकाला हजारो व्होल्ट, रेक्टिफायर आणि जाड कंडेन्सर. मेनची लहर सेकंदाला ६० वेळा येते. दोन लहरींच्या मधल्या काळात व्होल्टेज टिकवून धरायचं तर कंडेन्सर मोठा हवा, आणि एवढ्या व्होल्टेजला भरलेला मोठा कंडेन्सर माणूस मारतो. त्या काळचे संच दुरुस्त करणारे आजही त्यांच्यापुढे दबकून वागतात, ते उगाच नाही.

६३०-टीएसने हे सगळं टाकून दिलं. झोताला रेषेमागून रेषा काढत नेण्यासाठी मानेवरच्या योक कॉइलमध्ये सेकंदाला १५,७५० वेळा करवतीच्या दातांसारखा प्रवाह चढवावा लागतोच. रेष संपते त्या क्षणी ६बीजी६-जी हा व्हॉल्व्ह एकदम बंद होतो. कॉइलमध्ये साठलेला प्रवाह वाट न मिळाल्याने उसळतो, काही मायक्रोसेकंदांत उलटा होतो, झोत डाव्या काठाला परत फेकला जातो, आणि त्या उसळीत हजारो व्होल्टचा एक अणकुचीदार सुळका उठतो. आधीच्या संचांना हा सुळका म्हणजे उपद्रव वाटायचा, तो दाबून टाकायचे. इथे त्याच ट्रान्सफॉर्मरवर वाइंडिंग वाढवून तो आणखी उंच केला, १बी३ या व्हॉल्व्हने त्याचा डीसी केला आणि सुमारे ९,००० व्होल्ट पिक्चर ट्यूबला दिले. झोत परत नेण्याच्या हालचालीतूनच त्याला पडद्याकडे ओढणारी ताकद निघाली. शिवाय सुळका सेकंदाला ६० ऐवजी १५,७५० वेळा येतो, म्हणजे २६२.५ पट. कंडेन्सरही तितक्या पटीने लहान पुरतो. इथे तो ५०० पिकोफॅरडचा, पेढ्याएवढा. त्याचा झटका जबर बसतो, पण जुन्या संचांसारखा तो मृत्यूचा सापळा नाही. जाता जाता, हा २६२.५ आकडा कुठला? ५२५ रेषांच्या चित्राच्या एका फील्डमध्ये, म्हणजे अर्ध्या चित्रात, नेमक्या तेवढ्याच रेषा असतात.

१बी३चं हीटर हा या सगळ्यातला माझा सर्वांत लाडका तपशील. त्याला १.२५ व्होल्ट आणि ०.२ अँपिअर एवढंच हवं, पण ते ९,००० व्होल्टवर तरंगत द्यायचं. मेन ट्रान्सफॉर्मरवर तसं वाइंडिंग करायचं तर इन्सुलेशनचा डोंगर रचावा लागेल. म्हणून लाइन ट्रान्सफॉर्मरच्या गाभ्याभोवती जाड रबरी वायरचा एक वेढा घातला. बस. चित्र ओढणारी धडधड त्या वेढ्यातून व्हॉल्व्ह पेटवते. मीटर लावून हे मोजता येत नाही, तिथे मीटर नेण्याची हिंमतही करू नये. दिवे मालवायचे आणि पिंजऱ्याच्या जाळीतून पाहायचं. काचेच्या मधोमध एक नारिंगी ठिपका दिसला, की लाइन ऑसिलेटर, आउटपुट, ट्रान्सफॉर्मर, सगळी साखळी जिवंत आहे हे एका नजरेत कळलं.

अजून एक बाकी आहे, डँपर. झोत डाव्या काठावर येऊन पोचला, पण कॉइलमध्ये अजून ऊर्जा आहे आणि तिला मोकळं सोडलं तर ती थरथरत राहील. ५व्ही४जी हा व्हॉल्व्ह तिला थोपवतो. नुसतं थोपवत नाही. तो ती हळूहळू उतरू देतो, आणि उतरता प्रवाह झोताला डाव्या काठापासून मध्यापर्यंत सरळ आणतो. मध्यावर ६बीजी६-जी पुन्हा जागा होतो आणि उरलेली अर्धी रेष ओढतो. म्हणजे चित्राचा डावा भाग आधीच्या रेषेतून वाचलेल्या ऊर्जेने काढलेला असतो. एवढ्यावरही भागलं नाही. जी ऊर्जा तरी उरते ती एका कंडेन्सरमध्ये जमते आणि तिचं व्होल्टेज २७५ च्या डोक्यावर चढून ६बीजी६-जीलाच परत मिळतं.

५व्ही४जी हा मुळात पॉवर सप्लायचा रेक्टिफायर. त्याचा कॅथोड आतल्या आत हीटरला जोडलेला असतो, त्यामुळे त्याचं हीटर त्या चढ्या व्होल्टेजवर जाऊन बसतं. म्हणून मेन ट्रान्सफॉर्मरवर फक्त त्याच्यासाठी ५ व्होल्टचं वेगळं वाइंडिंग आहे. ट्रान्सफॉर्मरला एक जोडी तारा जास्त का, याचं उत्तर चित्राच्या डाव्या अर्ध्या भागात सापडतं. सुरुवातीला मी कोपऱ्यातून वाचा म्हणालो, ते यासाठी.

ट्रान्सफॉर्मरच्या बाबतीत इतका ऐसपैसपणा आपल्याकडच्या सत्तरीच्या दशकातल्या संचांत नव्हता, आणि त्याला कारणं होती. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं. त्या दशकात घराघरांत आलेले बरेच संच अर्धे व्हॉल्व्हचे आणि अर्धे ट्रान्झिस्टरचे होते. पीएल५०४, पीवाय८८, पीसीएल८५ असे ३०० मिलिअँपिअरचे व्हॉल्व्ह, सगळ्यांची हीटरं एका माळेत ओवलेली, मेन ट्रान्सफॉर्मरला फाटा, आणि मेनची एक तार थेट चॅसीला. तांबं आणि लोखंड वाचलं, संच हलका आणि स्वस्त झाला. पण प्लग उलटा बसला की सगळी चॅसी २३० व्होल्टवर. मी ज्यांच्या हाताखाली हे काम शिकलो त्या काकांच्या पहिल्या वाक्यात सिद्धांत वगैरे काही नव्हतं. ‘‘एक हात खिशात घाल आधी, मग बोल.’’ दोन्ही हात चॅसीत असले की झटका एका हातातून शिरून छातीतून दुसऱ्या हाताने निघतो. ६३०-टीएसला ट्रान्सफॉर्मर आहे, चॅसी मेनपासून सुटी आहे, तरी हा नियम इथेही पाळायचा. ९,००० व्होल्टची भीती सगळ्यांना असते; माणूस मारण्याची ताकद जास्त आहे ती त्या काहीशे व्होल्टच्या एचटीत, कारण त्याच्यामागे मोठे कंडेन्सर आणि दमदार ट्रान्सफॉर्मर उभा आहे. संच बंद केल्यावरही रोध लावून ते कंडेन्सर रिकामे करायचे आणि मीटरने खात्री करायची. मगच हात आत घालायचा.

वर्षानुवर्षं पडून असलेला संच जागा करताना बहुतेकजण डिमरस्टॅट पुढे करतात. व्होल्टेज शून्यापासून हळूहळू चढवायचं, म्हणजे कंडेन्सर सावकाश सावरतील. कल्पना चांगली आहे, पण इथे फसवी. ५यू४जीची फिलामेंट अर्ध्या व्होल्टेजवर पुरेशी तापतच नाही, त्यामुळे बराच वेळ कंडेन्सरपर्यंत काहीच पोचत नाही, आणि पोचायला लागतं ते एकदम. त्याहून साधा सिरीज लॅम्प मला जास्त विश्वासू वाटतो. संच सुमारे तीनशे वॅटचा आहे, तर दोनशे वॅटचा फिलामेंटचा बल्ब त्याच्याशी सिरीजमध्ये लावायचा. एलईडीचा दिवा इथे कामाचा नाही. बल्ब एकदा उजळून मंद झाला तर ठीक. लख्ख पेटून तसाच राहिला तर आत कुठेतरी शॉर्ट आहे आणि संचाऐवजी त्या बल्बने तो सोसला.

बल्ब काढून पूर्ण मेन दिल्यावर पहिलं अर्धं मिनिट सर्वांत नाजूक. ५यू४जी थेट तापणारा, दोनतीन सेकंदांत कामाला लागतो. बाकीचे व्हॉल्व्ह अजून थंड. प्रवाह प्यायला कुणी नाही म्हणून एचटी नेमल्यापेक्षा बरंच वर चढतं, आणि मग एकेक व्हॉल्व्ह तापत जातो तसं खाली येतं. मीटरच्या काट्याचा हा चढउतार पाहताना संचातले व्हॉल्व्ह जागे होण्याचा क्रम कळतो. दुसरी नजर ६बीजी६-जीच्या प्लेटवर. युद्धात ट्रान्समीटरांमधून गाजलेल्या ८०७ या व्हॉल्व्हचं हे टीव्हीसाठी केलेलं रूप, दणकट आहे. पण लाइन ऑसिलेटर चालला नाही तर त्याच्या ग्रिडवरचं ऋण व्होल्टेज नाहीसं होतं आणि प्लेट लालबुंद होते. लाली दिसली की त्याच क्षणी प्लग ओढायचा.

सगळं ठीक असेल तर पडद्यावर रास्टर, म्हणजे रेषांनी भरलेला उजळ चौकोन, येतो, आणि तो पॉवर सप्लायचा जबाब असतो. आडवे रुंद काळे पट्टे दिसले तर ते मोजावेत. रेक्टिफायर दोन्ही अर्धलहरी वापरतो, म्हणून फिल्टर कंडेन्सर कमी पडला तर हम मेनच्या दुप्पट, म्हणजे १२० चा आणि पट्टे दोन. एकच पट्टा असेल तर ६० चा हम कुठूनतरी शिरतोय. बहुधा एखाद्या व्हॉल्व्हमध्ये हीटर आणि कॅथोड एकमेकांना शिवलेत. त्या काळी स्टेशनची फील्ड वारंवारता मेनशी बांधलेली होती, त्यामुळे हे पट्टे पडद्यावर स्थिर राहत आणि बघणाऱ्यांना कळतही नसत. अमेरिकेतली मोठी अॅनालॉग प्रक्षेपणं १२ जून २००९ ला बंद झाली. आता सिग्नल एखाद्या पेटीतून आणि मॉड्युलेटरमधून द्यावा लागतो. त्याची वारंवारता मेनशी बांधलेली नसते, म्हणून तेच पट्टे हळूहळू वर सरकताना दिसतात. जो दोष १९४६ साली लपून गेला असता, तो आज उघडा पडतो.

असा संच पुण्यात किंवा नागपुरात चालवायचा झाला तर काय, हा प्रश्न मला इथल्या हौशी मंडळींनी विचारला आहे. २३० चे ११५ करणारा ट्रान्सफॉर्मर लावला की झालं, असं समजू नये. आपली मेन ५० हर्ट्झची. ६० साठी मोजून घेतलेलं लोखंड ५० वर संपृक्त होऊ लागतं आणि ट्रान्सफॉर्मर हात लावू देणार नाही इतका तापतो. शिवाय मेन ५० आणि फील्ड ६०, यांचं जुळत नाही. मधल्या १० च्या फरकाने चित्राच्या कडा सेकंदाला दहा वेळा डुलतात. फिल्टर कितीही चांगला करा, ट्रान्सफॉर्मरचं विखुरलेलं चुंबकीय क्षेत्रच झोताला हलवतं. यावर उपाय एकच, शुद्ध साइन लहरीचा ६० हर्ट्झचा इन्व्हर्टर, तोही संचाच्या भुकेच्या दुप्पट क्षमतेचा. मग ट्रान्सफॉर्मर गार राहतो आणि कडा सरळ उभ्या राहतात. एवढं झाल्यावर चित्राच्या मध्यावर, जिथे डँपर रेष सोडतो आणि ६बीजी६-जी उचलतो, तिथे एखाद्या उभ्या खांबाच्या आकारात किंचित आखडलेपण दिसलं तर लिनिअॅरिटीचा कंट्रोल थोडा फिरवून पाहावा. पूर्ण गेलं नाही तर राहू द्यावं. ते घालवण्यासाठी जादा पार्ट जोडणारे आहेत, मी जोडत नाही. दोन व्हॉल्व्हनी एक रेष वाटून काढली, हे चित्रात दिसण्याची तेवढी एकच जागा आहे.